लहान मुलाला एमआरआयसाठी गुंगी देताना पालकांनी काय पाहावे

एका तपासणी केंद्रात मी दुसऱ्याच रुग्णासाठी गेले होते. बाहेरच्या बाकावर एक आई दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. आधीच्या रुग्णाचा एमआरआय लांबला होता, मुलाला मात्र झोपेचे सिरप ठरल्या वेळी पाजून झाले होते. मुलगा आईच्या कोपरात मान टाकून झोपला होता, त्याची हनुवटी छातीला टेकली होती आणि दर श्वासाला घरघर ऐकू येत होती. "गाढ झोपलाय, घोरतोय बघा," आई समाधानाने म्हणाली. मी दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली आणि मान सरळ केली. घरघर तिथल्या तिथे थांबली, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली पडणारा खड्डाही दिसेनासा झाला. आईला जे घोरणे वाटत होते ते अर्धवट बंद झालेल्या श्वासमार्गाचे लक्षण होते. त्या बाकाजवळ ऑक्सिजन नव्हता, बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर नव्हते, आणि मुलाकडे लक्ष ठेवण्याचे काम कोणाला नेमून दिलेले नव्हते. त्या दिवशी काही विपरीत घडले नाही, पण ते निव्वळ वेळ चांगली होती म्हणून.

मी भूलतज्ज्ञ आहे. मुलाला एमआरआय सांगितला की आईवडील बहुधा पहिला प्रश्न औषधाबद्दल विचारतात: कोणते देणार, किती देणार, त्याचा मेंदूवर परिणाम तर होणार नाही ना? हे प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतील. पण त्यांच्याही आधी विचारायचा प्रश्न असा आहे की, औषध दिल्या क्षणापासून मूल पूर्ण जागे होईपर्यंत त्याच्या श्वासाकडे कोण बघणार आहे, आणि त्या व्यक्तीला त्या वेळी दुसरे कोणतेही काम नसेल ना? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले तर बाकीच्या बहुतेक गोष्टी जागच्या जागी बसतात.

पहिला टप्पा: भूल खरोखर लागणार आहे का

सगळ्या तपासण्यांना गुंगी लागत नाही. सोनोग्राफीला ती जवळजवळ कधीच लागत नाही. आताच्या सीटी स्कॅन यंत्रांत प्रत्यक्ष चित्रे काही सेकंदांत निघतात, त्यामुळे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, आईचा आवाज कानावर पडत असताना ही तपासणी बहुतेक वेळा होऊन जाते. एमआरआयचे तसे नाही. मेंदूचा एमआरआय साधारण अर्धा ते पाऊण तास चालतो, तो अनेक भागांत घेतला जातो, आणि एकेक भाग काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत मुलाने एकदा जरी मान वळवली तरी तो पूर्ण भाग धूसर येतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. त्यातच यंत्राचा ठकठक आवाज इतका मोठा असतो की मोठ्या माणसांनाही कान झाकल्याशिवाय आत झोपवत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाने अशा अरुंद बोगद्यात एकट्याने निश्चल पडून राहावे ही अपेक्षाच धरता येत नाही, म्हणून गुंगीचा विचार करावा लागतो.

तरीही दोन वयोगटांत गुंगी टाळण्याचा मनापासून प्रयत्न करून पाहावा. पहिला गट साधारण तीन-चार महिन्यांपर्यंतच्या, कधीकधी सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांचा. बाळाला काही तास उपाशी न ठेवता फक्त दुधाची वेळ थोडी पुढे ढकलायची, तपासणीच्या अगदी आधी पोटभर पाजायचे, कानांवर आवरण लावून दुपट्यात गुंडाळायचे आणि झोप लागली की अलगद यंत्राच्या पाटावर ठेवायचे. यासाठी केंद्राने थोडी सवड द्यावी लागते आणि दिवे मंद करावे लागतात. जिथे कर्मचारी याला तयार असतात तिथे अनेक बाळांचा एमआरआय औषधाच्या एका थेंबाविना होतो. शिवाय बाळाची टाळू भरलेली नसेल तर मेंदूची काही माहिती टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीतूनही मिळते, म्हणून "याच प्रश्नाचे उत्तर सोनोग्राफीतून मिळेल का?" असे बालरोगतज्ज्ञांना विचारण्यात काहीच गैर नाही.

दुसरा गट पाच-सहा वर्षांच्या पुढच्या समजूतदार मुलांचा. या मुलांना 'स्टॅच्यू' हा खेळ ठाऊक असतो, आणि त्याचाच उपयोग करून घ्यायचा. आठवडाभर आधीपासून जेवणाच्या टेबलाखाली किंवा मोठ्या खोक्यात मुलाला उताणे झोपवावे, मोबाईलवर एमआरआयचा आवाज लावावा आणि 'स्टॅच्यू' म्हणून आधी एक मिनिट, मग तीन, मग पाच मिनिटे न हलता राहायला सांगावे. श्वास घ्यायला आणि डोळे मिटायला परवानगी आहे, हलायला नाही, हे त्याला खेळातच कळते. शक्य असेल तर आदल्या दिवशी केंद्रात नेऊन यंत्र दाखवून आणावे. आई किंवा बाबा आत पायाशी उभे राहतील हे कळले की कितीतरी मुले शांत राहतात. 'तुला काही होणार नाही' असे वारंवार म्हणण्यापेक्षा 'मोठा आवाज येईल, पण यंत्र तुला हात लावणार नाही' असे खरे ते सांगणे जास्त उपयोगी पडते.

दुसरा टप्पा: कोणते औषध, कोण देणार

गुंगी आणि पूर्ण भूल या दोन वेगळ्या खोल्या आहेत असे पालकांना वाटते. खरे तर तो एकच उतार आहे. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि पूर्ण भूल हे त्या उतारावरचे टप्पे आहेत, आणि त्याच औषधाच्या त्याच मात्रेने एक मूल वरच्या टप्प्यावर थांबते तर दुसरे नकळत खाली घसरते. म्हणून 'फक्त झोपेचे सिरप आहे, भूल नाही' या वाक्यावर निर्धास्त होऊ नये.

आपल्याकडे लहान मुलांना सर्वांत जास्त दिले जाते ते ट्रायक्लोफॉसचे सिरप. त्याने अर्ध्या-पाऊण तासाने झोप लागते, सुई टोचावी लागत नाही, आणि लहान बाळांत ते बऱ्यापैकी काम करते. त्याच्या अडचणीही ओळखून घ्याव्यात. मूल थोडे औषध थुंकते आणि नेमके किती पोटात गेले हे कोणालाच सांगता येत नाही. काही मुले झोपण्याऐवजी किरकिरी होतात. वय वाढेल तसा सिरपचा भरवसा कमी होतो. आणि ते शरीरातून लवकर जात नाही: तपासणी संपून मूल घरी गेल्यावरही कित्येक तास गुंगी रेंगाळते, कधी दुसऱ्या दिवशीही मूल सुस्त दिसते.

मिडाझोलम तोंडाने किंवा नाकात फवारून देतात. त्याने भीती जाते, सुईची आठवण राहत नाही, पण पाऊण तास निश्चल ठेवायला ते एकटे बहुधा पुरत नाही. डेक्समेडेटोमिडीन नाकातूनही देता येते आणि त्याची झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते. श्वासावर त्याचा भार कमी पडतो, पण हृदयाचे ठोके मंदावतात आणि परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागू शकतो. केटामीनमध्ये मूल डोळे उघडे ठेवून, बुबुळे हलवत स्वस्थ पडून राहते, तोंडाला लाळ सुटते आणि जाग येताना उलटी होऊ शकते. हे दृश्य आधी माहीत नसेल तर पालक घाबरतात, म्हणून इथे सांगून ठेवते. प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध शिरेतून देतात. मिनिटभरात झोप लागते, औषध थांबवल्यावर काही मिनिटांत जाग येऊ लागते, आणि नेमक्या याच गुणामुळे मला ते एमआरआयसाठी आवडते. पण तेच औषध मुलाचा श्वास बघता बघता थांबवू शकते, म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्याचा आणि मास्कने श्वास देण्याचा रोजचा सराव असलेल्या माणसाच्या हातातच ते असले पाहिजे. काही ठिकाणी मुलाला मास्कमधून सेव्होफ्लुरेन हा वायू हुंगवून झोपवतात आणि झोपल्यावर सलाईनची सुई लावतात. सुईला घाबरणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे.

या लेखात मी कोणत्याही औषधाची मात्रा मुद्दाम लिहिलेली नाही. मात्रा त्या दिवशीच्या वजनावर, आजारावर आणि इतर औषधांवर ठरते, आणि ती ठरवणाऱ्यानेच पुढे मुलाजवळ उभे राहायचे असते. काही ठिकाणी पालकांच्या हातात सिरपची बाटली देऊन 'घरूनच पाजून या, म्हणजे येईपर्यंत झोपेल' असे सांगितले जाते. याला स्पष्ट नकार द्यावा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या मार्गदर्शक तत्त्वांतही गुंगीचे औषध घरी किंवा प्रवासात देऊ नये असेच सांगितले आहे. रिक्षात किंवा गाडीत मूल मान खाली टाकून झोपले आणि श्वास अडला, तर तो अडला आहे हे ओळखणारे तिथे कोणी नसते.

वेळ ठरवण्यासाठी केंद्रात फोन कराल तेव्हा ही चौकशी करावी: गुंगी कोण देणार, भूलतज्ज्ञ असतील का, ते तपासणीभर तिथेच थांबतील का, एमआरआयच्या खोलीत चालणारा मॉनिटर आहे का, मुलांच्या मापाचे मास्क आणि नळ्या आहेत का, आणि जाग येईपर्यंत मुलाला कुठे ठेवणार. हे विचारताना संकोच बाळगू नये. जिथे ही व्यवस्था आहे तिथले लोक आनंदाने उत्तरे देतात. जिथे उत्तर टाळले जाते, तिथे हाताशी पूर्ण सोय असलेले दुसरे रुग्णालय असेल तर आठवडाभर थांबावे लागले तरी तिकडे जाणे मी पसंत करेन, अर्थात तपासणी तातडीची नसेल तर.

तिसरा टप्पा: भूलतज्ज्ञांना काय सांगायचे

तपासणीच्या आधी भूलतज्ज्ञांशी एकदा बोलणे व्हायलाच हवे, मग ते आदल्या दिवशी असो किंवा त्याच सकाळी. मुलाची सगळी फाईल, चालू औषधांच्या बाटल्या आणि आधीचे रिपोर्ट सोबत न्यावेत. पालकांना किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी आमच्यासाठी फार मोलाच्या असतात.

मूल रोज रात्री घोरते का, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकते का, तोंड उघडे ठेवून झोपते का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या मुलांचा श्वासमार्ग गुंगीत लवकर बंद होतो. बाळ महिने भरण्याआधी जन्मले होते का? अशा बाळांत भुलीनंतर काही तासांनीही श्वास थांबण्याचा धोका असतो, आणि म्हणून अगदी लहान वयात त्यांना एक रात्र निरीक्षणाखाली ठेवावे लागते. हृदयात छिद्र, डाऊन सिंड्रोम, लहान जबडा, फिट्स, दमा, वारंवार उलट्या हे सारे सांगावे. घरात कोणाला भुलीत खूप ताप चढला होता, किंवा ऑपरेशननंतर बराच वेळ स्वतःचा श्वास घेता आला नव्हता, असे काही आजी-आजोबांना आठवत असेल तर तेही सांगावे, कारण असे काही दोष आनुवंशिक असतात.

फिट्सचे औषध चालू असेल तर ते तपासणीच्या दिवशी चुकवू नये. ते पाण्याच्या घोटाबरोबर केव्हा द्यायचे हे आधी विचारून ठेवावे. उपाशी ठेवायचे म्हणून सकाळचा डोस चुकवलेला आणि केंद्राच्या दारातच फिट आलेली मुले मी पाहिली आहेत.

आता सर्दीबद्दल. नाक वाहत असताना, खोकला असताना किंवा ताप असताना दिलेल्या भुलीत घशाची झडप आवळून श्वास अडण्याची शक्यता वाढते, आणि ही संवेदनशीलता सर्दी बरी झाल्यावरही काही आठवडे टिकते. म्हणून तपासणी तातडीची नसेल तर आम्ही साधारण दोन आठवडे, आणि छातीत कफ भरला असेल तर त्याहून जास्त, थांबायला सांगतो. महिनाभर वाट पाहून मिळालेली तारीख जाईल म्हणून पालक सर्दी लपवतात. ती लपवू नये. आदल्या दिवशी फोन करून कळवले तर तारीख बदलून मिळते आणि फेरा वाचतो.

चौथा टप्पा: उपाशी ठेवणे

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. गुंगीत घशाची राखण ढिली पडते. पोटातले अन्न वर आले तर जागे मूल ते खोकून बाहेर टाकते, गुंगीतले मूल ते श्वासाबरोबर फुप्फुसांत ओढते. म्हणून पोट रिकामे हवे. भुलीच्या आधी घन आहार, वरचे दूध आणि पावडरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि निव्वळ पाणी दोन तास बंद ठेवायचे, हा जुना आणि सर्वत्र वापरला जाणारा नियम आहे. तळलेले, तुपकट जेवण असेल तर आठ तास धरतात. पाण्याच्या बाबतीत अलीकडे युरोपातल्या तज्ज्ञांनी एक तासापर्यंत सूट दिली आहे आणि काही रुग्णालये तशी सूट देतात, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच प्रमाण मानावी.

समजा, भूल सकाळी १० वाजता आहे. रात्रीचे जेवण नेहमीच्या वेळी द्यावे. बाटलीचे दूध पिणाऱ्या मुलाला पहाटे साडेतीनला मुद्दाम उठवून दूध पाजावे, म्हणजे ते चारच्या आत संपेल. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहापर्यंत पाजता येते. आणि आठपर्यंत पाणी नुसते चालते असे नव्हे, ते आठवणीने पाजावे. मध्यरात्रीपासून काहीच न दिलेले मूल सकाळी दहाला कोरडे पडलेले, चिडलेले असते, त्याची शीर सापडत नाही, आणि तान्ह्या बाळाची साखरही उतरू शकते. जास्त उपाशी ठेवले की जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. म्हणूनच लहान बाळांना सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, आणि केंद्रात पोचल्यावर कळले की दोन तास उशीर आहे, तर 'आता पाणी देऊ का?' असे लगेच विचारावे.

पाणी म्हणजे पलीकडचे दिसेल असे पाणी किंवा साखरपाणी. वरणाचे पाणी, भाताची पेज, ताक, नाचणीचे सत्त्व, दुधाचा चहा यांतले काहीही पाण्यात मोडत नाही. पेज पातळ दिसते म्हणून ती पाणीच, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रामाणिकपणे वाटते. दूध पोटात गेल्यावर फाटून घट्ट होते, त्यामुळे ते पातळ असले तरी हिशेबात अन्नच धरावे लागते.

एकदा एका मुलाला भूल देण्याच्या आधी मी नेहमीप्रमाणे विचारले, "काही खाल्लंय का?" आईने ठामपणे नाही म्हटले. मुलाच्या कुडत्यावर बिस्किटाचा चुरा होता. मागे उभ्या असलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "अर्धंच दिलं हो, पहाटेपासून रडत होतं लेकरू." मी आजींचे आभार मानले आणि तपासणी दुपारवर ढकलली. आजींनी त्या क्षणी खरे सांगितले हे त्या मुलाच्या दृष्टीने दिवसभरातले सर्वांत महत्त्वाचे काम होते. उपाशी ठेवण्याच्या वेळा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावाव्यात आणि घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवाव्यात. चूक झालीच तर ती सांगावी, कोणीही रागावणार नाही, आणि कोणी रागावले तरी सांगावीच.

रात्री उशिरापर्यंत जागे ठेवून सकाळी लवकर उठवायला काही केंद्रे सांगतात. सिरप द्यायचे असेल तर याचा थोडा उपयोग होतो. मात्र प्रवासात मूल झोपून गेले तर सारी मेहनत वाया जाते, त्यामुळे वाटेत त्याला बोलते ठेवायला शेजारी कोणीतरी बसावे.

पाचवा टप्पा: घरातून निघताना

एमआरआयचे चुंबक कधीच बंद नसते. तपासणी चालू नसतानाही त्याची ओढ तेवढीच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एमआरआय चालू असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा असाच उडत आलेल्या सिलिंडरने मृत्यू झाला होता. म्हणून आत जाण्याच्या दारावर कोणी अडवून खिसे तपासले तर ते उपकार समजावेत, आणि कोणी 'जरा हे धरून आत या' म्हटले तरी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

बाळाच्या अंगावरचे वाळे, मनगट्या, बिंदल्या, कमरेची साखळी, करदोट्यातला घुंगरू किंवा पेटी, गळ्यातला ताईत, कानातले डूल हे सारे घरीच काढून ठेवावे. सोन्याचांदीला चुंबक ओढत नाही हे खरे, पण फासे, कड्या आणि मिश्र धातूंचा भरवसा नसतो, धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडते. ताईत काढायला आजीचे मन धजत नसेल तर तो बाहेर थांबलेल्या बाबांच्या मनगटाला बांधता येतो. काजळ लावू नये, कारण त्यात धातूचे कण असू शकतात. कपडे सुती, बिनचेनचे, बिनबटणांचे, जरीविरहित असावेत. आत जाणाऱ्या आईने मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या आणि केसांच्या पिना, मोबाईल आणि एटीएम कार्ड बाहेर ठेवावे.

मुलाच्या डोक्यात शंट (मेंदूतले साचलेले पाणी काढून नेणारी नळी) असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेले यंत्र) असेल, हाडात सळई असेल किंवा पूर्वी एखादे नाणे, बॅटरी, खेळण्यातले चुंबक गिळल्याचा इतिहास असेल, तर तो आधीच सांगावा. बाहेरून जुळवता येणाऱ्या शंटची मांडणी एमआरआयमध्ये बदलू शकते, म्हणून तपासणीनंतर ती पुन्हा पाहून घ्यावी लागते.

सोबत दोन मोठी माणसे असावीत, एक गाडी चालवायला आणि एक फक्त मुलाकडे बघायला. पिशवीत जादा कपडे, डायपर, दुपटे, मुलाचे आवडते बिनधातूचे खेळणे आणि नंतर द्यायला दूध किंवा हलका खाऊ ठेवावा.

सहावा टप्पा: औषध देताना आणि तपासणी चालू असताना

पोचल्यावर मुलाचे वजन काट्यावर करून घ्यावे. 'अकरा-बारा किलो असेल' हे उत्तर चालत नाही, कारण सगळे औषध किलोवर मोजले जाते. संमतीपत्र वाचून सही करावी आणि न समजलेले विचारावे. औषध तपासणीच्या जागी, ऑक्सिजन आणि मॉनिटर हाताशी असताना आणि आधीचा रुग्ण बाहेर पडण्याच्या बेतात असतानाच दिले जावे. वर सांगितलेल्या बाकावरच्या मुलाची अडचण हीच होती की औषधाची वेळ घड्याळाने ठरवली गेली, यंत्र रिकामे होण्याने नाही. मुलाने सिरप थुंकले तर 'अजून थोडे द्या' असा आग्रह पालकांनी धरू नये. पुन्हा द्यायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

शिरेतून किंवा मास्कने भूल दिली की मूल हातातच एकदम सैल पडते. डोळे वर फिरतात, काही मुले हातपाय झाडतात, मान कलंडते. पहिल्यांदा पाहणाऱ्या आईच्या काळजात धस्स होते आणि पुष्कळ आया तिथेच रडू लागतात. हे असेच दिसते, हे आधी माहीत असावे. मुलाचा मुका घ्यावा आणि आम्ही सांगू तेव्हा बाहेर जावे.

त्यानंतर आमचे काम सुरू होते. लहान मुलाच्या शरीराला वजनाच्या हिशेबात मोठ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास ऑक्सिजन लागतो, आणि फुप्फुसांतला साठा मात्र तोकडा असतो, त्यामुळे श्वास थांबल्यावर आमच्या हातात फार थोडा वेळ असतो. त्यात मूल बोगद्यात असते, चेहरा नीट दिसत नाही आणि आवाजात श्वास ऐकू येत नाही. म्हणून यंत्रांवर विसंबावे लागते. पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवते, पण तो श्वास थांबल्यावर काही वेळाने उतरतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र श्वास थांबल्याचे तिथल्या तिथे दाखवते, म्हणून खोल गुंगीत ते असायला हवे असे माझे ठाम मत आहे. खांद्याखाली लहानशी घडी ठेवून मान किंचित मागे करणे, कानांत बोळे घालून वर आवरण लावणे, गार खोलीत बाळाला गुंडाळून ठेवणे, मॉनिटरच्या वायरींचे वेटोळे कातडीला लागू न देणे, कारण तिथे भाजू शकते, अशा साध्या गोष्टींवर सारे अवलंबून असते.

मेंदूवरच्या परिणामाची भीती

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीचा वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. त्यामागे मुख्यतः प्राण्यांवरचे अभ्यास होते. दुसऱ्या बाजूला, सात देशांत हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना पूर्ण भूल आणि काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल देण्यात आली होती. पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या बुद्धिमत्तेत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आले. त्या बाळांची भूल साधारण तासाभराच्या आतली होती, आणि एका एमआरआयलाही तेवढाच वेळ लागतो.

यावरून मी पालकांना असे सांगते की, गरज असलेली एक तपासणी या भीतीपोटी टाळू नका. फिट्स येणाऱ्या किंवा वाढ खुंटलेल्या मुलाचे निदान लांबणीवर पडण्याचा तोटा खात्रीचा असतो. पण वारंवार तपासण्या लागणार असतील तर त्या एकत्र करता येतील का, हे जरूर विचारा. डोक्याचा आणि पाठीच्या कण्याचा एमआरआय, रक्ततपासणी, कधी ऐकू येते का हे पाहणारी कानाची बेरा तपासणीसुद्धा एकाच भुलीत बसवता येते. त्यासाठी डॉक्टरांनी आपसांत फोन करावे लागतात, आणि तो फोन करवून घेणे पालकांच्या हातात असते.

सातवा टप्पा: जाग येताना आणि घरी

तपासणी संपली म्हणजे धोका संपला असे धरू नये. यंत्राचा आवाज बंद होतो, सुई टोचणे थांबते, मुलाला जागे ठेवणारे काहीच उरत नाही, आणि औषध मात्र अंगात असते. सिरप दिलेल्या मुलांत ही वेळ विशेष सांभाळायची. मूल पूर्ण जागे होईपर्यंत त्याला मॉनिटर लावलेला हवा आणि शेजारी परिचारिका हवी. मूल आपण होऊन डोळे उघडून बघते, आईला ओळखते, वयाप्रमाणे बसते किंवा मान धरते, ओठ गुलाबी आहेत आणि थोडे पाणी पिऊन उलटी झालेली नाही, इतके झाल्याशिवाय घरी निघू नये. हलवून, चिमटा काढून जागे केलेले मूल हे जागे झालेले मूल नव्हे: हात काढला की ते पुन्हा झोपते. पुढच्या रुग्णासाठी खाट हवी म्हणून घाई केली जात असेल तर "अजून तो नीट जागा झालेला नाही, आम्ही थांबतो" असे सांगून बसून राहावे.

जाग येताना काही मुले अर्धा तास अनावर रडतात आणि आईलाही ओळखत नाहीत. हे औषधामुळे होते आणि आपोआप ओसरते. खोली शांत ठेवावी आणि त्याला कुशीत घ्यावे.

घरी जाताना दुचाकी टाळावी. दोघांच्या मध्ये बसवलेल्या गुंगीतल्या मुलाची मान पुढे पडते आणि ते कोणाला दिसत नाही. चारचाकीत शेजारी बसलेल्या माणसाने मोबाईल बाजूला ठेवून मुलाचा चेहरा बघत राहावे आणि हनुवटी छातीला टेकू देऊ नये. गाव दूर असेल, एसटीने चार-पाच तासांचा प्रवास असेल, तर ती रात्र शहरातच नातेवाइकांकडे काढणे बरे.

घरी आधी पाणी, मग दूध, मग भात-वरणासारखे हलके अन्न द्यावे. एखादी उलटी झाली तर घाबरू नये. मूल झोपले तर कुशीवर झोपवावे आणि जागे असलेल्या माणसाने त्याच खोलीत बसावे. दुसऱ्या दिवसापर्यंत जिना, गॅलरी, सायकल, पोहणे यांपासून दूर ठेवावे, कारण तोल जातो. मूल उठवल्यावर उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वासाला घरघर असेल किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर आधी हनुवटी उचलून मान सरळ करावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हा क्रमांक चालतो. उलट्या थांबतच नसतील किंवा ताप चढत असेल तर केंद्राने दिलेल्या क्रमांकावर फोन करावा. म्हणूनच निघण्यापूर्वी तो क्रमांक मागून घ्यावा.

आणखी एक कागद मागून घ्यावा: कोणते औषध, किती दिले, झोप लागायला किती वेळ लागला, मध्ये जाग आली का, श्वासाचा काही त्रास झाला का, पूर्ण जाग केव्हा आली. चार ओळी पुरतात, आणि त्या एमआरआयच्या रिपोर्टला टाचून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात दुसरा भूलतज्ज्ञ तुमच्या मुलासमोर उभा असेल तेव्हा तो सर्वांत आधी तोच कागद वाचेल.